आंतरछेद (निर्देशक भूमिती)

निर्देशक भूमितीमध्ये एखादी रेषा निर्देशक अक्षाला ज्या बिंदूत छेदते, त्या बिंदूचा त्या अक्षावरील निर्देशक म्हणजे रेषेचा आंतरछेद होय. रेषा क्ष-अक्षाला (अ, ०) या बिंदूत छेदत असल्यास अ हा तिचा क्ष-आंतरछेद, तर य-अक्षाला (०, ब) या बिंदूत छेदत असल्यास ब हा तिचा य-आंतरछेद असतो. आंतरछेद ही लांबी नव्हे. ती धन, ऋण किंवा शून्य असू शकणारी संख्या आहे. रेषा आणि समीकरण यांची ही सांगड रने देकार्त यांच्या १६३७ साली प्रसिद्ध झालेल्या भूमितीविषयक ग्रंथातून व प्येर द फेर्मा यांच्या स्वतंत्र कार्यातून रूढ झाली.

आंतरछेद काढण्याची रीत

क्ष-अक्षावरील प्रत्येक बिंदूचा य-निर्देशक शून्य असतो. म्हणून क्ष-आंतरछेद काढताना समीकरणात य = ० ठेवतात आणि य-आंतरछेद काढताना क्ष = ० ठेवतात. या ठिकाणी विद्यार्थ्यांची अनेकदा उलटापालट होते.

उदाहरणार्थ, ३क्ष + ४य = १२ या रेषेसाठी य = ० ठेवल्यास क्ष = ४ आणि क्ष = ० ठेवल्यास य = ३ मिळते. (४, ०) व (०, ३) हे बिंदू जोडले की आलेख तयार होतो. या रेषेने अक्षांसह केलेल्या काटकोन त्रिकोणाचे क्षेत्रफळ ½ × ४ × ३ = ६ चौरस एकक आहे.

समीकरणाची रूपे

* चढ-आंतरछेद रूप: य = म × क्ष + क. येथे म हा रेषेचा चढ व क हा य-आंतरछेद असतो.
* दुहेरी आंतरछेद रूप: क्ष/अ + य/ब = १. येथे अ व ब शून्येतर असणे आवश्यक असते. या रेषेचा चढ −ब/अ असतो.

विशेष स्थिती

क्ष-अक्षाला समांतर असलेल्या रेषेला क्ष-आंतरछेद नसतो, तर य-अक्षाला समांतर रेषेला य-आंतरछेद नसतो. आरंभबिंदूतून जाणाऱ्या तिरप्या रेषेचे दोन्ही आंतरछेद शून्य असतात. अशा रेषेचा आलेख काढण्यासाठी आणखी एक बिंदू शोधावा लागतो.

उपयोजन: वादळ आणि किनारा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन परिसरातील नारळ-सुपारीच्या वाड्यांची मोठी हानी झाली. अशा प्रसंगी आंतरछेदाचा अर्थ कसा लावायचा, हे पुढील काल्पनिक आकड्यांवरून समजते.

सकाळी ६ वाजता वादळ किनाऱ्यापासून २४० किमी दूर असून ते ताशी २० किमी वेगाने येत आहे, असे मानू. त तासांनंतरचे अंतर द = २४० − २०त. येथे द-आंतरछेद २४० हे आरंभीचे अंतर दर्शवतो. द = ० ठेवल्यास त = १२, म्हणजे वादळ सायंकाळी ६ वाजता किनाऱ्यावर येईल.

वेग ताशी ३० किमी असल्यास द-आंतरछेद तोच राहतो. मात्र त-आंतरछेद ८ होतो आणि वादळ दुपारी २ वाजताच येते. याच वेळी ९० किमी अंतरावरील मासेमारी नौका ताशी १२ किमी वेगाने श्रीवर्धनच्या जीवना बंदराकडे निघाली, तर तिच्या रेषेचा त-आंतरछेद ७.५ येतो. पहिल्या स्थितीत तिच्या हाती साडेचार तास उरतात, दुसऱ्या स्थितीत केवळ अर्धा तास. इशारा तासभर उशिरा पोहोचल्यास तीच नौका वादळानंतर अर्ध्या तासाने बंदरात येईल.

मर्यादा

वेग स्थिर असेपर्यंतच आलेख सरळ रेषेत राहतो. प्रत्यक्षात वादळाचा वेग व दिशा बदलतात, तसेच केंद्र किनाऱ्यावर येण्यापूर्वीच सोसाट्याचा वारा सुरू होतो. त्यामुळे असा आंतरछेद हा अंदाज असतो आणि नव्या नोंदी मिळताच तो पुन्हा काढावा लागतो. तसेच वरील रेषेत त > १२ घेतल्यास अंतर ऋण येते. गणिती रेषा पुढे जात असली तरी किनाऱ्यापर्यंतच्या अंतरासाठी तो भाग निरर्थक ठरतो.