अरबी शिकायची, तर आधी काय?

मुलूखमैदान तोफ आज विजापूरच्या बुरुजावर दिसते, पण 1632 पर्यंत ती परांड्याच्या किल्ल्यात होती. तिच्यावर ओतकार महंमद बिन हुसेन रूमीचं नाव आहे आणि साल आहे हिजरी 956. गंमत बघा, अरबी लिपीत ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची, पण आकडा आपल्यासारखाच डावीकडून उजवीकडे! नुसते दहा अंक ओळखता आले, तरी काळाचा दरवाजा किलकिला होतो. हिजरी चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी आखूड असतं, म्हणून 956 ला 0.97 ने गुणायचं आणि 622 मिळवायचे. आलं 1549!

पुढे 28 अक्षरं. बा, ता, सा यांचा सांगाडा एकच; खाली एक नुक्ता (टिंब), वर दोन किंवा वर तीन, एवढाच फरक. आणि ऱ्हस्व स्वर? ते एरवी लिहीतच नाहीत, वाचणाऱ्यानं ते मनानं भरायचे. म्हणजे वाचायला आधी भाषा यायला हवी! मक्तबातली, म्हणजे कुराण शिकवणाऱ्या शाळेतली पोरं हे कोडं सहज सोडवतात. ‘बे जबर ब, बे जेर बि, बे पेश बु’ असं घोकत ती स्वरचिन्हांसह छापलेलं कुराण घडाघडा वाचतात, अर्थ न कळताही.

आखातात नोकरीला निघालेल्याचं गणित उलटं. ‘तुला काय हवं?’ हे पुस्तकी अरबीत ‘माजा तुरीद?’, कैरोत ‘आयिज एह?’ आणि रियाधमध्ये ‘वेश तबी?’ बातम्यांची भाषा सगळीकडे एक, बाजारातली मात्र मुलखागणिक वेगळी. त्यानं आधी कान आणि जीभच तयार करावी, तीही जिथे जायचं तिथल्या बोलीत. अक्षरं मागाहून आली तरी चालतं.

धाराशिवात राहून कुतूहलापोटी शिकणाऱ्यानं मात्र लिपीच आधी धरावी. नळदुर्गच्या पाणी महालावरचा लेख फारसी आहे. फारसीनं या 28 अक्षरांत आणखी चार घातली, म्हणून तिला ‘प’, ‘च’, ‘ग’ लिहिता येतात. उर्दूनं त्यात ट, ड यांची भर घातली. 1948 पर्यंत धाराशिव जिल्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुनं महसुली दप्तर बरंचसं उर्दूत आहे. 2023 मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडीसोबत उर्दू वाचणाऱ्यांनाही मागणी आली. अरबीसाठी गिरवलेली अक्षरं अशी तीन भाषांच्या कामी येतात.