सोलर पॅनेलची जागा मे महिन्यात ठरवू नका!

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावांना पुढचे अनेक दिवस अंधारात काढावे लागले. मोबाईल बंद, पंप बंद. अशा वेळी दारात स्वतःचं सोलर पॅनेल आणि घरात भरलेली बॅटरी असती तर, हा विचार तेव्हा कुणाच्या मनात आला नसेल?

पॅनेल, बॅटरी, चार्ज कंट्रोलर आता सहज मिळतात. वायरिंगची जाण असलेला माणूस ते घरीच जोडूही शकतो. घोडं अडतं ते जागेपाशी. चाकरमानी मंडळी मेच्या सुट्टीत गावी येतात, लख्ख उन्हातला अंगणाचा कोपरा हेरतात आणि तिथेच पॅनेल ठोकून मोकळी होतात. फसगत होते ती इथेच.

मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो. महिन्याच्या मध्यावर तर अलिबागला भर दुपारी उभ्या काठीची सावलीही पडत नाही. डिसेंबरमध्ये मात्र तोच सूर्य दक्षिणेला कलतो आणि दुपारीही क्षितिजापासून जेमतेम 48 अंश वर येतो. 15 मीटर उंच माडाची सावली तेव्हा दुपारी साडेतेरा मीटर, तर सकाळी नऊला तब्बल 35 मीटरच्या आसपास लांब पडते! पावसाळ्यात कोकणातलं ऊन तसंही बेभरवशाचं. त्यात हिवाळ्याचं स्वच्छ ऊनही माडांनी अडवलं, तर पॅनेल घेऊन मिळवलं काय?

एका झावळीच्या सावलीने असं काय बिघडतं, असं वाटेल. पण पॅनेलमधले सेल माळेतल्या मण्यांसारखे एकापुढे एक जोडलेले असतात. एक सेल झाकला की त्याच्या ओळीतल्या बाकीच्यांचंही काम अडतं. बहुतेक पॅनेलांत त्यावर उपाय म्हणून बायपास डायोड असतात, तरी साधारण एक तृतीयांश वीज हातची जातेच.

मग माड तोडायचा? मुळीच नाही! वर्षानुवर्षं नारळ देणारं झाड दोन पॅनेलांसाठी पाडणं हा शुद्ध अव्यवहार. जागा बदला. डिसेंबरच्या एखाद्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता सावल्यांच्या कडेला खुंट्या ठोका. तिन्ही वेळा मोकळी राहील ती जागा पॅनेलची. तोंड दक्षिणेला, कल साधारण 18-20 अंश. नारळ पडेल अशा जागी मात्र नको. काच एका नारळातच जाईल.

कौलारू छपराचा मोह अनेकांना होतो. पण चालताना कौलं फुटतात, आणि पॅनेलचे हूक कौलांना नव्हे, थेट वाशांना धरायला हवेत. जुने वासे वाळवीने पोखरलेले असतील तर विषयच संपला. शिवाय ताशी 120 किलोमीटरचा वारा दोन चौरस मीटरच्या पॅनेलला शंभर किलोहून जास्त जोराने रेटू शकतो. त्यापेक्षा परसातला जांभ्या दगडाचा चौथरा आणि त्यात रोवलेली गॅल्व्हनाइझ्ड चौकट बरी. कमरेइतक्या उंचीवरचं पॅनेल पुसायलाही सोपं. खाऱ्या वाऱ्यात बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच घ्या.

फक्त चौथरा घरापासून फार लांब नको. 200 वॉटच्या साध्या पॅनेलमधून सुमारे 11 अँपिअर प्रवाह निघतो. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार 20 मीटर नेली, तर जाऊन-येऊन 18 पैकी जवळजवळ 2 व्होल्ट तारेतच जिरतात. तेव्हा तार जाड घ्या. कंट्रोलर आणि बॅटरी घरातच, पण शेजारी शेजारी आणि हवेशीर पडवीत ठेवा. झोपायच्या खोलीत नकोत.

शहरातल्या फ्लॅटमध्ये गच्ची सामायिक असल्याने सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्यावी. तिथे माडाचं काम पाण्याची टाकी करते, एवढाच फरक.

वादळाची सूचना बहुधा एक-दोन दिवस आधी मिळते. जमिनीलगतचं पॅनेल दोघांना सहज उतरवता येतं. आधी स्विच बंद करा, पॅनेलवर जाड गोणपाट टाका, मगच जोडण्या सोडवा. उन्हातलं पॅनेल कायम जिवंत तारेसारखं असतं. मग ते घरात आणून भिंतीला उभं करून ठेवा. वारा शमला की त्याच चार बोल्टांवर पुन्हा चढवता येतं.