रानपिंगळा सापडला, पण त्याचं रान?

२०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने रानपिंगळा या लहान घुबडाला ‘अतिसंकटग्रस्त’ गटातून काढून ‘संकटग्रस्त’ गटात टाकलं. तेव्हापासून ‘आता तो सुरक्षित आहे’ हे वाक्य पक्षिमित्रांच्या तोंडूनही ऐकू येतं आणि दर वेळी माझा संताप होतो. तो तानशाला दिसला, डांगात दिसला, म्हणून यादी बदलली. नव्या जागा कळल्या याचा अर्थ पक्षी वाढले असा होत नाही. प्रौढ पक्ष्यांचा अंदाज आजही हजाराच्या आतच आहे.

जुना इतिहास थोडक्यात पुरे. १८७३ मध्ये ह्यूमने त्याचं वर्णन केलं, जेम्स डेव्हिडसनने खानदेशात काही नमुने मिळवले आणि १८८४ नंतर खात्रीची नोंदच नाही. मधल्या काळातली एकच गोष्ट अजून चीड आणते. पक्ष्यांचे नमुने जमवणाऱ्या कर्नल माइनर्ट्झहागेनने ब्रिटिश संग्रहालयातला नमुना चोरला आणि तो १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला मिळाल्याचं खुशाल नोंदवलं. त्या खोट्या नोंदीमागे गेलेल्या सालिम अलींसारख्यांनाही हा पक्षी गवसला नाही. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी ओळखली आणि डेव्हिडसनच्या जुन्या जागा धरल्या. २५ नोव्हेंबर १९९७ला शहाद्याजवळ, भर उजेडात, उघड्या फांदीवर तो बसलेला होता. एकशे तेरा वर्षांनी!

पुढची दहा वर्षं आम्ही भारल्यासारखी काढली. फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांच्या पाहणीतून तोरणमाळ, तळोदा, मेळघाट अशी ठिकाणं पुढे येत गेली. तो दिवसा वावरतो, सरडे-उंदीर धरतो, झाडांच्या ढोलीत अंडी घालतो, हे सगळं त्याच वर्षांत उलगडलं.

पण त्या ढोल्यांची झाडं जात होती. सरदार सरोवराच्या विस्थापितांसाठी तळोद्याचं चार हजारांहून जास्त हेक्टर जंगल मोकळं केलं गेलं. बुडितातल्या माणसांना जमीन मिळायलाच हवी होती. ती राखीव जंगल तोडून द्यायची, हे मात्र सरकारने ठरवलं. शहरातल्या बैठकांत खापर फुटायचं ते पावरा आणि भिल्ल शेतकऱ्यांवर. हा अन्याय होता आणि तो अजून कुणी नीट कबूल केलेला नाही.

आता रानपिंगळ्याच्या वाट्याला कॅमेरे आले आहेत. मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवून त्याला फांदीवर बोलावतात. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं समजून तो शिकार सोडून, घरटं सोडून धावत येतो.

फोटो काढणाऱ्यांनो, हे थांबवा. आणि वनखात्याने तळोदा-तोरणमाळच्या उरलेल्या जंगलातली जुनी, ढोलीची झाडं तरी गावकऱ्यांना बरोबर घेऊन राखावीत.