जखमेची पट्टी घरी बदलताय? आधी हात बघा

सोयाबीनची काढणी, ऊसतोड सुरू झाली की विळ्या-कोयत्याच्या जखमा घेऊन माणसं प्राथमिक आरोग्य केंद्रात यायला लागतात. तिथं टाके पडतात, धनुर्वाताचं इंजेक्शन मिळतं आणि पट्टी कधी बदलायची ते सांगून घरी पाठवतात. खरा घोळ इथून पुढं होतो.

घरात पट्टी बदलणारं माणूस पुष्कळदा गोठ्यातनं उठून आलेलं असतं. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, आणि नखातली घाण नुसत्या पाण्यानं निघत नाही. त्यामुळं धार काढून झाल्या झाल्या पट्टीला हात लावूच नका. साबणानं मनगटापर्यंत, बोटांच्या बेचक्यात, नखांखाली घासून ४० ते ६० सेकंद हात धुवा. पदराला किंवा खांद्यावरच्या टॉवेलला पुसू नका, तसेच वाळू द्या. जुनी पट्टी काढली की पुन्हा धुवा. हे दुसरं धुणं बहुतेक जण विसरतात.

पट्टी चिकटली असेल तर ओढू नका. ओढली की खाली आलेली नवी कातडीही निघते. मेडिकलमध्ये मिळणारं सलाईन, नाहीतर उकळून गार केलेलं पाणी तिच्यावर सोडा, थोडं थांबा, आपोआप सुटते. जखम पुसताना गॉजचा एक तुकडा एकदाच वापरायचा. टाक्यांपासून बाहेरच्या बाजूला पुसायचं, उलटं नाही.

निर्जंतुक गॉजचं पाकीट फाटलेलं किंवा ओलं झालेलं असेल तर ते निर्जंतुक राहिलं नाही असं समजा. कालचं उघडून ठेवलेलं पाकीटही तसंच. गॉज कोपऱ्याला धरा, जखमेवर बसणाऱ्या भागाला बोट लागू देऊ नका. कापूस थेट जखमेवर ठेवू नका, धागे आत राहतात. पट्टी आवळून बांधली आणि बोटं गार किंवा निळी पडायला लागली तर लगेच सैल करा.

आता हळदीचं. म्हातारी माणसं रागावतील, पण टाके घातलेल्या जखमेत हळद, राख, कॉफी पावडर काही भरू नका. डबा काही निर्जंतुक नसतो, आणि पावडरीखाली पू झाला तरी दिसत नाही. स्पिरिटही रोज ओतू नका, भरत आलेली जखम त्यानं पोळते.

लाली पसरत चालली, जागा गरम लागली, वास आला, पू आला, ताप चढला किंवा दुखणं कमी व्हायचं सोडून वाढलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता केंद्रात जा. शुगर असलेल्यांनी तर पायाच्या जखमेला "दुखत नाही म्हणजे बरी आहे" असं धरूच नये. शुगरमुळं पाय बधिर होतो, आत सडत असलं तरी कळत नाही. त्यांची पट्टी शक्यतो नर्सताईंकडूनच बदलून घ्या. केंद्र लांब असेल तर आशाताईंना विचारा, उपकेंद्रात सोय आहे का ते त्या सांगतील.

काढलेली पट्टी पिशवीत बांधून खोल पुरा. उकिरड्यावर टाकली की कुत्री ओढून परत अंगणात आणतात.