न गळणारी लोकर

दिवाळी सरली की नाणेघाटाच्या पायथ्याशी, वैशाखऱ्याच्या रानातलं गवत पिवळं पडतं. भात कापून होतं, ओढ्याचं पाणी उतरतं आणि शनिवार-रविवारी नाणेघाट चढायला कल्याण-मुरबाड-टोकावडे मार्गानं गाड्यांची रीघ लागते. हल्ली या गाड्यांतून माणसांबरोबर कुत्रीही उतरतात, आणि त्यांत एक चेहरा वारंवार दिसू लागला आहे. कुरळे केस, मिशाळ तोंड, डोळ्यांवर आलेल्या बटा. कुणी लॅब्राडूडल म्हणतं, कुणी गोल्डनडूडल, कुणी कॉकापू. आई लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर किंवा कॉकर स्पॅनियल आणि बाप पूडल, किंवा याच्या उलट. माझ्या बहिणीकडे असाच एक आहे. त्याच्या रंगावरून आम्ही त्याचं नाव ‘गूळ’ ठेवलं. ‘याचे केस गळत नाहीत’ हे ऐकून तिनं तो घेतला होता.

गेल्या नोव्हेंबरात गूळ गवतात अर्धा तास मनसोक्त धावला आणि लंगडत परत आला. ओटीवर त्याला आडवा घेऊन मी पंजा उघडून पाहिला. बोटांच्या बेचक्यात केसांचा ओला बोळा झाला होता आणि त्यात कुसळं रुतली होती. पोटाखाली आघाड्याच्या बिया, कानामागे गोखरू. एका पंजातून अकरा कुसळं काढली. बारावं कातडीत शिरलं होतं. चिमट्यानं ते ओढलं तेव्हा त्यानं हात चाटला, पण पाय थरथरत होता.

कुसळी गवताचं बी ही निसर्गाची अजब करामत आहे. बियाच्या टोकाला सुईसारखी अणी असते आणि अणीवर मागे वळलेले बारीक केस. त्यामुळे बी पुढे सरकू शकतं, मागे येऊ शकत नाही. वर लांब, पीळ पडलेली शेपटी. सकाळच्या दवानं ती भिजली की पीळ उलगडतो, उन्हानं वाळली की पुन्हा बसतो. या उलटसुलट फिरण्यानं बी गिरमिटासारखं मातीत शिरतं. माती असो वा कुत्र्याची कातडी, बियाला फरक पडत नाही. आखूड केसांच्या गावठी कुत्र्याच्या अंगावरची बरीचशी कुसळं अंग झटकताच पडतात. गुळाच्या कुरळ्या केसांत ती अडकून राहतात, आणि तो जितका हलतो तितकी आत जातात.

कापलेल्या भातखाचरात त्या दिवशी एका धनगराची मेंढरं बसली होती. घाटावरचे धनगर पावसाळ्यानंतर कळप घेऊन कोकणात उतरतात. तो पाणी प्यायला आला, गुळाच्या पाठीत त्यानं बोटं घातली, केस दोन्हीकडे फाकवून खालची कातडी पाहिली आणि म्हणाला, “ताई, ही लोकरच हाय. मेंढरावानी वर्साला दोनदा तरी कातराय लागंल.”

आमच्यापैकी कुणीच इतकं नेमकं बोललं नव्हतं. रानमेंढीची लोकर दर उन्हाळ्यात आपोआप गळते. माणसानं हजारो वर्षं न गळणारी मेंढी निवडत नेली आणि तिची लोकर कातरण्याचं काम स्वतःकडे घेतलं. पूडलचंही तसंच. प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग थांबतो, मग पडतो. लॅब्राडोरच्या अंगावरचे बहुतेक केस वाढ संपवून थांबलेले असतात, म्हणून सोफ्यावर केसांचा थर बसतो. पूडलच्या केसाची वाढीची अवस्था फार लांबते, आपल्या डोक्यावरच्या केसासारखी. केस पडत नाहीत याचा अर्थ ते लांबतच जातात.

अमेरिकेतल्या एलेन ऑस्ट्रँडर यांच्या गटानं २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं की शुद्ध जातींच्या कुत्र्यांच्या केसांतलं बहुतेक वैविध्य फक्त तीन जनुकांवर उभं आहे. एफजीएफ५ हे जनुक केसाला ‘आता थांब’ असा निरोप देतं. ते बिघडलं की केस लांब होतात. केआरटी७१ मधल्या बदलानं केस कुरळे होतात. आरएसपीओ२ मधल्या बदलानं मिशा आणि दाट भुवया येतात, आणि केस कमी गळण्यातही त्याचाच मोठा हात असतो. गोल्डन रिट्रीव्हर आणि पूडल यांच्या पहिल्या पिढीत प्रत्येक पिल्लाला मिशांची एक प्रत पूडलकडून मिळते आणि तेवढी एक पुरते. अशा दोन पिल्लांची पुढे जोडी लावली तर सरासरी चारातलं एक पिल्लू मिशांशिवाय जन्मतं. ते दिसायला गुळगुळीत तोंडाचं असतं आणि केसही गाळतं. विकणारा ‘नाही गळणार’ म्हणतो तेव्हा त्याला पिल्लाच्या आईबापांविषयी आणि आजीआजोबांविषयी विचारायला हवं.

या साऱ्या कुळाची प्रसिद्धी सुरू झाली ती एका चांगल्या हेतूनं. ऑस्ट्रेलियात अंधांसाठी मार्गदर्शक कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉन्रन काम करत. हवाईतल्या एका अंध बाईंना कुत्रा हवा होता, पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी होती. आधी पूडल तपासून पाहिले, ते या कामाला उतरले नाहीत. मग १९८०च्या दशकाच्या अखेरीस कॉन्रन यांनी लॅब्राडोर आणि पूडल यांची जोडी लावली. तीन पिल्लं झाली. त्यांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला गेले, आणि तिघांपैकी एकट्या ‘सुल्तान’चा नमुना त्या गृहस्थांना सोसला. तीन सख्ख्या भावंडांतली दोन चालली नाहीत, हे मला या गोष्टीतलं सर्वांत मोलाचं वाटतं. जाहिरातीत नेमकं तेवढंच गळालं. डूडलांच्या नावानं पुढे जो बाजार उभा राहिला, तो पाहून स्वतः कॉन्रन यांनी उतारवयात उघडपणे खंत व्यक्त केली.

ॲलर्जी केसामुळे होत नाही. ती होते कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांमुळे. त्यांतलं मुख्य प्रथिन ‘कॅन एफ १’. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये, ॲलर्जी करत नाहीत असा लौकिक असलेल्या जातींच्या केसांत हे प्रथिन मोजलं, तर ते इतर कुत्र्यांपेक्षा जास्तच निघालं. लॅब्राडूडलच्या घरातल्या जमिनीवरच्या धुळीत ते कमी होतं, घरातल्या हवेत मात्र फरक सापडला नाही. घरात दम्याचं माणूस असेल तर पिल्लू आणण्याआधी त्या माणसानं त्याच कुत्र्याबरोबर चार-पाच वेळा काही तास घालवून पाहावेत. दुसरी भरवशाची परीक्षा नाही.

संकर म्हणजे निरोगी, हाही तसाच घाईचा समज. ब्रिटनमध्ये ९,४०२ कुत्र्यांची माहिती तपासणारा एक अभ्यास २०२४ मध्ये आला. कॉकापू, लॅब्राडूडल आणि कॅव्हापू या पूडलच्या संकरांची त्यांच्या आईबापांच्या जातींशी ५७ विकारांसाठी तुलना केली, तेव्हा ८६.६ टक्के तुलनांत काहीच फरक निघाला नाही. खुब्याचे सांधे, डोळे, कान यांची तपासणी आईबापांत झाली होती का, हे इथेही विचारावंच लागतं. आपल्याकडे २०१७च्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणी दाखवायला जो कां-कूं करतो, त्याच्या दारातून परत फिरावं.

आता रोजच्या कामाकडे येऊ. पिल्लाची मऊ लव साधारण वर्षाच्या आत जाऊन मोठ्या कुत्र्याचे केस येतात, आणि त्याच काळात जटा सर्वांत जास्त होतात. लोकरीचं जेन कसं बनतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना जट समजावून सांगावी लागत नाही. पाणी, दाब आणि घासणं मिळालं की केसावरचे सूक्ष्म खवले एकमेकांत गुंततात आणि न विणता घट्ट थर तयार होतो. गुळाच्या बगलेत, पट्ट्याखाली आणि कानामागे तेच घडतं. म्हणून आधी विंचरायचं आणि मग आंघोळ घालायची. गुंता असताना पाणी घातलं तर जट आवळते आणि कातडीला ओढ बसते. वरवर ब्रश फिरवून भागत नाही. केसांचा भांग पाडून, कातडी दिसेल असा एकेक पट्टा करत, टोकाकडून मुळाकडे स्टीलचा कंगवा न्यायचा. कंगवा अडला नाही तर काम झालं. बहिणीला याला रोज पंधरा मिनिटं लागतात. सुरुवातीला तिनं दोन आठवडे टाळलं, आणि नंतर सगळे केस मुळापासून उतरवावे लागले. जटांखालची कातडी लाल आणि ओलसर झाली होती.

वैशाखऱ्यासारख्या गावी या केसांखाली आणखी एक गोष्ट लपते, ती म्हणजे गोचीड. तपकिरी गोचिडीची मादी हजारो अंडी घालते, भिंतींच्या फटींत राहते आणि एर्लिशिया, बाबेसिया यांसारखे जंतू कुत्र्याच्या रक्तात सोडते. ताप, हिरड्यांची फिकट छटा, नाकातून रक्त, अन्नावरची वासना जाणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासावं. गोचिडीवर रॉकेल चोळू नये. त्यानं कातडी भाजते, आणि कुत्रा ते चाटतो. प्रतिबंधक गोळी किंवा थेंब डॉक्टरांना विचारून वजनानुसार द्यावेत. पावसाळ्यात ओढ्यातून आलेल्या कुत्र्याचे लोंबते कान आतपर्यंत कोरडे करावेत, नाहीतर बुरशी धरते. भातखाचरांतल्या पाण्यात उंदरांच्या मुतातून आलेले लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे) जंतू असतात, म्हणून रेबीजबरोबर लेप्टोची लसही चुकवू नये. माळशेजच्या पावसात कांदाभजीचा तुकडा कुत्र्याला द्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. कांद्यातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या लाल पेशी फोडतात. त्याला कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे काही देऊ नये.

रात्री तर त्याला घरातच ठेवायचं. घाटापलीकडच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा होता. इथलं रान त्याच डोंगररांगेला लागून आहे.

उन्हाळ्याचं गणितही केसांशीच जोडलेलं आहे. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांना. अंग थंड ठेवायला तो धापा टाकतो. एप्रिल-मेच्या दुपारी हे पुरत नाही. अंगाचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या वर गेलं तर जिवावर बेतू शकतं. गोटा करू नये, उघड्या कातडीला ऊन जाळतं. इंचभर केस ठेवले की हवा खेळते, कुसळ आणि गोचीड दोन्ही बोटांना लागतात.

गूळ यंदाही येणार आहे. ऑक्टोबरात त्याची लोकर इंचावर आणली आहे, पंजांच्या बेचक्यांतले केस कातरले आहेत. तुमच्याकडे असा कुत्रा असेल तर वैशाखऱ्याला निघण्याआधी एवढं नक्की करा, आणि परतताना गाडीत बसवण्यापूर्वी चारही पंजे उघडून पाहा.