चार थेंब आणि साडेतीन किलो

एक एकर द्राक्षबाग घेऊ. सायखेड्याच्या शिवारातली घ्या, चांदोरीची घ्या, गोदाकाठची कुठलीही. दोन ओळींत नऊ फूट, दोन वेलींत पाच फूट. एकराचे ४३,५६० चौरस फूट भागिले पंचेचाळीस, म्हणजे ९६८ वेली. वेलीला तीस घड धरले तर २९ हजार घड. घड सरासरी ३५० ग्रॅमचा म्हटला तर दहा टन माल. बागाईतदार हा हिशेब बांधावर उभ्या उभ्या करतो, त्याला कागद लागत नाही.

आता तोच हिशेब देशाच्या मापाने करू. २०२३-२४ साली भारतातून ३,४३,९८२ टन ताजी द्राक्षं परदेशी गेली. किंमत ३,४६० कोटी रुपये. यातला मोठा वाटा नाशिक जिल्ह्याचा. वरच्याच मापाने हे झाले सुमारे ९८ कोटी घड. मणी चार ग्रॅमचा धरला तर आठ हजार सहाशे कोटी मणी, म्हणजे पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाच्या ओंजळीत दहा-दहा ठेवता येतील इतके.

यातला एकही घड हात लागल्याशिवाय तयार होत नाही. ऊस तोडला की गेला, कांदा उपटला की गेला. द्राक्षाचं तसं नाही. छाटणी, फेलफूट म्हणजे नको असलेली फूट काढणं, जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) द्रावणात घड बुडवणं म्हणजे डिपिंग, कात्रीने मणी कमी करणं म्हणजे विरळणी, मग तोडणी, मग पॅकिंग. काही कामं दोनदा होतात. घडामागे पाचच वेळा हात लागला असं कमीत कमी धरलं, तरी एका हंगामाच्या निर्यातीमागे ४९० कोटी वेळा माणसाचा हात घडापाशी जातो. हे हात बहुतेक पेठ, सुरगाणा, दिंडोरी या भागांतून आलेल्या टोळ्यांचे. काम उक्तं, एकरावर ठरलेलं. विरळणीला बायका जास्त, कारण कात्री हलकी चालावी लागते.

ही झाली हाताची बाजू. आता औषधाची. (गोदाकाठी कीटकनाशकाला कोणी कीटकनाशक म्हणत नाही. औषधच म्हणतात. शब्दानेच अर्धी भीती काढून टाकलेली.)

पानांचा पसारा पुरा झालेल्या बागेला ब्लोअरने एका फवारणीत एकरी साधारण ४०० लिटर पाणी लागतं. थेंब २०० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा, धरला तर त्या ४०० लिटरचे साडेनऊ हजार कोटी थेंब होतात. एका एकराच्या एका फवारणीत उडालेले थेंब देशाच्या वर्षभराच्या निर्यातीतल्या मण्यांपेक्षा जास्त भरतात. थेंब १०० मायक्रॉनचा झाला की आकडा आठपट. तो थेंब हलका, वाऱ्यावर जाणारा, श्वासात शिरणारा. आणि पाऊस लांबला, डाऊनी हा बुरशीरोग चढला, तर अशा फवारण्या डझनांनी मोजाव्या लागतात.

एवढ्या थेंबांमधून युरोपच्या टेबलावर किती पोचलेलं चालतं? तिथल्या नियमात ज्या औषधाला स्वतंत्र मर्यादा ठरवून दिलेली नाही, त्याला सरसकट मर्यादा आहे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. दहा कोटी भागांत एक भाग. मण्याच्या भाषेत सांगायचं तर चारशे टन द्राक्षांत एक मणी, म्हणजे तेरा टनांचा एक धरला तर तीस-एकतीस कंटेनर शोधून एक मणी. एका एकराच्या दहा टन मालात मिळून त्या औषधाचा अंश १०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. डोकेदुखीची ५०० मिलिग्रॅमची गोळी पाच तुकडे करून त्यातला एक. आणि देशाची सगळी निर्यात, ३ लाख ४३ हजार टन, याच मापाने मोजली तर त्या औषधाला मिळून जागा उरते साडेतीन किलोच्याही आतच. किराणा दुकानातल्या पिशवीत मावेल एवढी.

हे मोजता येतं हेच आधी खरं वाटत नाही. पण मोजलं जातं, आणि ते कोणा एका खात्याच्या दंडुक्याने साधलेलं नाही.

२००३ च्या सुमारास युरोपात भारतीय द्राक्षांत औषधांचे अंश सापडले, ओरड झाली. त्यातून २००६-०७ च्या हंगामात ग्रेपनेट ही संगणकीय नोंदव्यवस्था उभी राहिली. शेतमालाच्या निर्यातीची केंद्रीय संस्था अपेडा ती चालवते. राज्याचा कृषी विभाग प्लॉटची नोंदणी करतो, पाहणी करतो. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना काढतो, त्यात दीडशेहून अधिक रसायनांचा शोध घेतला जातो. पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, जे १९९७ साली सुरू झालं, सगळ्यांना वैज्ञानिक आधार देतं आणि कुठलं औषध काढणीआधी किती दिवस बंद करायचं याची यादी काढतं. ही यादी म्हणजे ‘अनेक्शर-५’. पीएचआय (काढणीआधी औषध बंद ठेवायचे दिवस) आणि एमआरएल (अंशाची मर्यादा) ही अक्षरं निफाड तालुक्यात आता बोलीभाषेत गेली आहेत. एरवी इंग्रजीपासून चार हात लांब असणारा म्हातारा बागाईतदारही ‘त्याचा पीएचआय तीस दिवसाचा हाये’ असं सहज बोलून जातो.

२०१० साली याची परीक्षा झाली. वेलीची वाढ आटोक्यात ठेवायला वापरतात त्या सीसीसीचे, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश युरोपात आढळले. मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. आपल्याकडच्या तपासणीत ते रसायन तोवर शोधलंच जात नव्हतं. कंटेनर अडकले, भाव कोसळले, बागाईतदार कर्जात गेले. पण पुढे तपासण्यांच्या यादीत सीसीसी आलं, शेतकऱ्यांनी वेळ आणि मात्रा बदलली, आणि निर्यात पुन्हा उभी राहिली. खातं, शास्त्रज्ञ, निर्यातदार आणि १९६० सालापासून काम करणारा महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ, सगळे एका गाडीला जुंपले. धाक होता, नाही असं नाही. पण नुसत्या धाकाने दहा कोटीतला एक भाग सापडत नसतो. बागाईतदाराने स्वतः वही खरी लिहिली तरच तो सापडतो.

असा मार्ग का धरावा लागतो, त्याचं गणित साधं आहे. निरीक्षक मोजके, कामाच्या जागा अमाप. अमेरिकेत तिथल्या कामगार संघटनांच्या महासंघाने हिशेब मांडला, तर हाताशी असलेल्या निरीक्षकांनी देशातल्या प्रत्येक कामाच्या जागी फक्त एकदा जाऊन यायचं म्हटलं तरी दीडशेहून अधिक वर्षं लागतात. पहिल्या कारखान्यात गेलेल्या साहेबाच्या पणतूने शेवटच्या कारखान्याची तपासणी करायची! म्हणूनच १९७९ साली कॅलिफोर्नियात सॅन ओनोफ्रे अणुवीज केंद्राच्या बांधकामावर एक प्रयोग झाला. कामगार आणि कंत्राटदार यांच्या समितीने रोज स्वतः तपासणी करायची, सरकारने वरून नजर ठेवायची. १९८२ मध्ये अशाच विचारावर तिथे देशव्यापी ऐच्छिक योजना आली. टीका दोन्हींवर झाली, मालकाच्या मर्जीवर सुरक्षितता सोडता का, असा प्रश्न विचारला गेला. तो प्रश्न योग्यच आहे. पण दीडशे वर्षांचं गणित टीकेने कमी होत नाही.

गोदाकाठाला हे नवं नाही. गोदावरीला पूर आला, सायखेड्याच्या पुलाला पानवेली अडकल्या, की तहसीलची माणसं येतील तेव्हा येतील, चांदोरी-सायखेड्याची पोरं बोट घेऊन आधी पाण्यात उतरलेली असतात, आणि प्रशासनही त्यांना धरून चालतं.

मग मला एक हिशेब सुटत नाही. दहा कोटीत एक भाग मोजणारी ही भागीदारी फळासाठी आहे. फळाला हात लावणाऱ्या माणसासाठी?

ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की एक-दोन दिवसांत ‘पेस्ट’ लावतात. काडीचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून. हे रसायन हायड्रोजन सायनामाइड. पाण्यात मिसळून, फडक्याने किंवा स्पंजने, काडीकाडीवर हाताने लावायचं. एकरात काड्या किती? घडाला एक काडी धरली तरी २९ हजार. बाटलीतलं मूळ द्रावण साधारण निम्म्या ताकदीचं असतं. त्याचा एक थेंब, मिलिलिटरचा विसावा भाग, म्हणजे सुमारे २५ मिलिग्रॅम रसायन. असे चार थेंब झाले की १०० मिलिग्रॅम. म्हणजे एका एकराच्या दहा टन मालात जेवढा अंश युरोपने चालवून घेतला असता, तेवढं मिसळणाऱ्याच्या एका बोटावर, झाकण उघडताना सांडलेलं. विषाची तुलना वजनाने करत नाहीत हे मला कळतं, पोटात गेलेलं आणि कातडीवर पडलेलं सारखं नसतं. पण काय मोजलं जातं आणि काय नाही, हे या चार थेंबांतून दिसतं.

सायनामाइडचा एक गुण तर कारखान्यातच उघड झाला. १९१४ मध्ये जर्मनीत कोल्श नावाच्या डॉक्टरने नोंदवलं, की कॅल्शियम सायनामाइडच्या कारखान्यातल्या कामगारांनी दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, जीव घाबरा होतो. दारू पचवण्याची शरीरातली साखळी ते मध्येच तोडतं. पुढे जपानात सायनामाइड दारू सोडवायचं औषध म्हणून वापरात आलं. आता हे आठवून बघा, की पेस्ट लावून थकलेला मजूर संध्याकाळी काय करतो. हातमोजे नसलेल्या दिवसाचा त्रास त्याला ‘दारू लागली’ म्हणून सांगितला जातो, आणि तोही तसंच समजतो.

युरोपीय संघाने २००८ साली सायनामाइडला मंजुरी नाकारली. कारणांत मुख्य होती ते हाताळणाऱ्या माणसाची तब्येत. म्हणजे तिथल्या बागेत हे लावता येत नाही. आपल्याकडे ते ऑक्टोबरला लागतं, फळ फेब्रुवारी-मार्चला निघतं, तोवर त्यात काही सापडत नाही, आणि कंटेनर सुखरूप पोचतो. फळाच्या तपासणीत यात काहीच गैर नाही. कारण तपासणी फळाची आहे.

कायदा नाही असंही नाही. १९५८ साली केरळात जहाजावर औषध सांडलेल्या गव्हाच्या पिठाने शंभराहून अधिक माणसं मेली. त्या धक्क्यातून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला आणि १९७१ चे नियम. त्या नियमांत संरक्षक कपडे आहेत, श्वसनाची साधनं आहेत, प्रशिक्षण आहे, आणि काही गटांची औषधं हाताळणाऱ्यांच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज हे विकर तपासणंसुद्धा आहे. कॅलिफोर्नियात ही रक्ताची तपासणी १९७४ पासून मालकाच्या गळ्यात आहे. आपल्याकडे ती कागदावर त्याच्याही आधीची. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात आले, तेव्हा कुठे हातमोजे, मास्क, चष्मा यांची चर्चा गावोगाव झाली. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना जगभरात शेतीकामात दरसाल किमान १ लाख ७० हजार माणसं मरतात असं सांगते. तिचा शेतीतल्या सुरक्षिततेचा २००१ चा करार भारताने मान्य केलेला नाही.

पण बागाईतदाराला गुन्हेगार ठरवून हे सुटणार नाही. तो स्वतःही त्याच धुक्यात ट्रॅक्टरवर बसलेला असतो. नोव्हेंबरच्या उकाड्यात प्लास्टिकचा अंगरखा घालून चार तास ब्लोअर चालवून बघा, मग बोलू. आणि रुपयाचा हिशेब केला तरी, अंश निघाला तर कंटेनर परत येतो. मजूर आजारी पडला तर दुसरी टोळी येते. एका चुकीला किंमत आहे, दुसरीला नाही. म्हणून फळाची यंत्रणा चालली आणि माणसाची रखडली.

तरी सगळंच कोरं नाही. युरोपातली दुकानं मागतात त्या ग्लोबल गॅपच्या प्रमाणपत्रात औषधाची वेगळी खोली, संरक्षक कपडे, हाताळणाऱ्याचं प्रशिक्षण या गोष्टी तपासल्या जातात. १९९७ मध्ये युरेपगॅप नावाने निघालेली ही चौकट आज नाशिकच्या बऱ्याच निर्यातदार गटांत रुळली आहे. तीही शेवटी दुकानदाराच्या आग्रहातून आलेली, आपल्या खात्याच्या नाही. पण तिच्या फवारणीच्या वहीत, तारीख, औषध, मात्रा, पीएचआय यांच्या रांगेत, एक रकाना आहे जो अनेक्शर-५ मध्ये नसतो: फवारणी कोणी केली.

तिथे नाव लिहायचं असतं. जागा एका नावापुरती असते. पेस्ट लावायला आलेली टोळी बारा जणांची.