कांदाचाळीला ताडपत्री लावावी की नको? पावसापासून वाचलेला कांदा घामाने का सडतो

येवला : आभाळ भरून आले की येवला तालुक्यातल्या मळ्यांवर एकच धावपळ सुरू होते. घरातले लहान-मोठे सगळे ताडपत्री, प्लास्टिकचे कागद, दोऱ्या आणि विटा घेऊन कांद्याकडे पळतात. पाऊस येतो, जातो. कांदा कोरडा राहिला म्हणून सगळे निवांत होतात. मग आठ-पंधरा दिवसांनी चाळीजवळून जाताना वास येतो आणि हात घातला की बोट आत जाते. पाण्याचा थेंबही न लागलेला कांदा सडलेला असतो.

झाकले नाही तर पावसाने जाणार आणि झाकले तर आतल्या आत जाणार, असा हा पेच आहे. ‘झाकावे की नाही’ एवढ्यावर त्याचे उत्तर मिळत नाही. कधी, किती वेळ, कोणत्या बाजूने आणि कशाने झाकायचे, यावर सगळे अवलंबून आहे.

प्रश्न आता जास्त का बोचतो?

चाळीत साठवला जातो तो उन्हाळ कांदा. पावसाळी आणि रांगडा लाल कांदा फार टिकत नाही, तो निघाला की बाजारात जातो. उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात काढून चाळीत भरायचा आणि भाव पाहून दिवाळीपर्यंत थोडा थोडा विकायचा, हे नाशिक जिल्ह्याचे जुने गणित. काढणीच्या काळात ऊन कडक आणि हवा कोरडी, हा त्या गणिताचा पाया होता.

२०२५ मध्ये तो पायाच हलला. मे महिन्यात राज्यभर अवकाळी पाऊस झाला आणि २६ मे रोजी मान्सून थेट मुंबईत दाखल झाला. एरवी ही तारीख ११ जूनच्या आसपास असते. ज्यांचा कांदा अजून शेतात होता किंवा नुकताच काढून पडला होता, त्यांच्याकडे ताडपत्रीशिवाय दुसरा इलाज नव्हता.

त्यात भावाची अनिश्चितता. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यातबंदी केली, मे २०२४ मध्ये ती उठवली पण ४० टक्के शुल्क ठेवले, सप्टेंबरमध्ये ते २० टक्के केले आणि १ एप्रिल २०२५ पासून काढून टाकले. धोरण कधी फिरेल याचा नेम नसल्याने माल दोन महिने जास्त टिकणे म्हणजे थांबण्याची ताकद हातात असणे. ज्याचा कांदा चाळीत सडायला लागला, त्याला मिळेल त्या भावात ट्रॅक्टर भरावाच लागतो.

कांदा घाम का सोडतो?

कांदा काढला तरी तो जिवंत असतो. तो श्वास घेतो, म्हणजे ऑक्सिजन घेऊन कार्बन डायऑक्साइड, थोडी उष्णता आणि पाण्याची वाफ सोडतो. शिवाय कांद्यात ८५ टक्क्यांहून अधिक पाणीच असते, ते सालीतून हळूहळू उडत राहते.

हे किती असू शकते, याचा अंदाज घेण्यासाठी सोपा हिशोब करून पाहू. चाळीत २० टन कांदा आहे आणि एका आठवड्यात त्याचे वजन फक्त एक टक्का घटले, असे समजा. म्हणजे २०० किलो कमी झाले आणि त्यातले बहुतेक पाणी. थोडक्यात, आठवड्याभरात दोनशे लिटरच्या एका पिंपाएवढे पाणी वाफ होऊन चाळीबाहेर जायला हवे. चारही बाजूंनी वारा खेळत असेल तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. चाळीला प्लास्टिक गुंडाळले तर ते पिंप आतच सांडते.

आता रात्रीचे पाहू. पावसाळ्यात २५ अंश तापमानाला प्लास्टिकच्या आतली आर्द्रता ९५ टक्क्यांवर गेली, तर दव पडायला एखादा अंश तापमान उतरणे पुरेसे असते. पातळ प्लास्टिकचा कागद रात्री मोकळ्या आभाळाखाली हवेपेक्षाही लवकर थंड होतो. त्याच्या आतल्या बाजूला थेंब जमतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि वरच्या थरातल्या कांद्यावर टपकतात. सकाळी ऊन पडले की तोच कागद तापतो, आत कोंदट भट्टी तयार होते. रात्री ओल आणि दिवसा ऊब. काजळीच्या काळ्या बुरशीला आणि मऊ सडीच्या जिवाणूंना याहून चांगले घर मिळणार नाही.

शहरात गच्चीवर बार्बेक्यूची शेगडी ठेवणाऱ्यांनाही हा अनुभव असतो. पावसाळ्यात प्लास्टिकचे कव्हर घालून घट्ट बांधलेली शेगडी दिवाळीला उघडली की जाळी गंजलेली निघते. पाऊस आत गेलेला नसतो, आत अडकलेली ओल बाहेर पडलेली नसते. तिथे जाळी बदलता येते. चाळीत वर्षाचे उत्पन्न असते.

उघडेच ठेवले तर?

तेही चालत नाही. साध्या हवेवर साठवलेल्या कांद्याला २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते, अशी शिफारस आहे. पावसाळ्यातली हवा अनेक दिवस याहून ओली असते, पण वाहती ओली हवा आणि कोंडलेली ओली हवा यात फरक आहे. वाहत्या हवेत सालीवरची ओल सुकते. मात्र पावसाचा थेट फटकारा बसला की पाणी दोन सालींच्या मध्ये आणि मानेत शिरते. ते सहज सुकत नाही. उन्हाची तिरीपही वाईट. सतत ऊन लागणाऱ्या बाजूचा कांदा हिरवट पडतो, साल तडकते.

म्हणजे झाकण लागते ते पाऊस आणि ऊन अडवायला, हवा अडवायला नाही. चांगल्या चाळीच्या रचनेत हे काम छप्पर करते. छप्पर बाजूंच्या बाहेर साधारण तीन फूट आलेले असावे, म्हणजे तिरप्या पावसाचा बराच मार तिथेच थांबतो. लोखंडी पत्रा तापतो आणि रात्री आतून घामही सोडतो, म्हणून सिमेंटचे पत्रे किंवा कौले बरी. तळ जमिनीपासून उचललेला आणि फटींचा असावा. कांद्याची रास चार फुटांपेक्षा रुंद आणि पाच फुटांपेक्षा उंच नको, नाहीतर मधल्या कांद्यापर्यंत वारा पोहोचतच नाही. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर आणि दुपाखी पूर्व-पश्चिम बांधावी, अशी शिफारस असते.

प्रत्यक्षात अनेक चाळींचे छप्पर आखूड असते, कारण पत्रा महाग. अशा चाळीलाच मग ताडपत्रीचा आधार लागतो.

लावायचीच तर कशी?

ताडपत्री पडद्यासारखी हवी, गोधडीसारखी नको. वरच्या वाशाला बांधून खाली सोडता येईल आणि गुंडाळून वर घेता येईल अशी. पाऊस आला की सोडायची, थांबला की वर. कंटाळवाणे काम आहे, पण तीच मुख्य गोष्ट आहे. एकदा लावून दसऱ्यापर्यंत न हलवलेली ताडपत्री जवळपास नेहमीच नुकसान करते.

मान्सूनचा पाऊस आपल्याकडे बहुतेक पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे आधी ती बाजू. समोरची बाजू शक्य तोवर मोकळी. वळवाचा पाऊस मात्र कोणत्याही दिशेने झोडपतो, तेव्हा चारही बाजू तेवढ्यापुरत्या बंद कराव्या लागतात. पडदा कांद्याला किंवा बांबूच्या पट्ट्यांना चिकटू देऊ नये, वीतभर तरी अंतर हवे. आणि चाळीचा तळ कधीच झाकायचा नाही. खालून येणारी हवा राशीतून वर जाते, ती बंद केली की बाकीची काळजी फुकट.

सतत लावून ठेवायला शेडनेट बरे. त्याने ऊन कमी होते, पावसाचा मार मोडतो आणि वारा जातो, मात्र जोराच्या पावसात ते एकटे पुरत नाही. तुराट्या, उसाचे पाचट किंवा कडब्याचे ताटे बाजूंना उभे करायची जुनी पद्धतही याच तत्त्वावर चालते. पाचट भिजून दाट बसले तर तेही ओल धरते, एवढे लक्षात ठेवायचे. बारदान सुरुवातीला छान, पण भिजले की दोन दिवस ओले राहते.

चाळ बरोबर श्वास घेते आहे का, हे पाहायला यंत्र लागत नाही. सकाळी उजाडताना ताडपत्रीच्या आतल्या बाजूवरून हात फिरवा. हात ओला झाला तर ती लगेच वर घ्यायची. काहीशे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक राशीजवळ टांगला तर अंदाज आणखी पक्का होतो.

शेतातल्या ढिगाचे काय?

कांद्याचे पहिले कव्हर म्हणजे त्याचीच पात. काढल्यावर तीन ते पाच दिवस शेतात अशा ओळी लावतात की एका कांद्याची पात दुसऱ्याला झाकते. ऊन थेट लागत नाही, मान सुकते. मग एक इंचाच्या आसपास मान ठेवून पात कापायची आणि सावलीत दहा-पंधरा दिवस सुकवायचे. मान नीट मिटलेला कांदाच चाळीत टिकतो. मान ओली असताना भरलेल्या कांद्याला कोणतीच ताडपत्री वाचवत नाही.

घाई इथेच होते. पावसाच्या भीतीने हिरवट मानेचा माल ढीग करून काळ्या प्लास्टिकखाली दडपला जातो आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडले तरी कागद तसाच राहतो. ढीग झाकावाच लागला तर बांबूंवर तंबूसारखा उतार करून, दोन्ही टोके उघडी ठेवून झाकावा. ढिगाभोवती चर हवा, कारण बऱ्याचदा पाणी वरून नाही तर खालून शिरते. पाऊस उघडला की अंधार असला तरी टोकाचा कागद वर करावा.

काही जण विचारतात, विकिरण केले तर? लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा विकिरण प्रकल्प २००२ पासून आहे. त्याने कोंब येणे थांबते. दसऱ्यानंतर रात्री गार झाल्या की कोंब सुटतात, तिथे तो उपयोगी. ओल आणि सड मात्र त्याने थांबत नाही.

भिजलाच तर

भिजलेला कांदा कोरड्या मालात मिसळू नये, कितीही थोडा असला तरी. शेडखाली पातळ पसरून, शक्य असेल तर पंखा लावून सुकवावा. त्यातला मऊ, मानेतून पाणी सुटणारा आणि जोडकांदा बाजूला काढावा. उरलेला माल साठवायचा विचार सोडून आधी विकायला न्यावा. येवला किंवा अंदरसूलच्या आवारात नेताना ट्रॉलीवर ताडपत्री बांधावीच लागते, पण लिलावाची रांग लांबलेली असेल आणि पाऊस नसेल तर ती तिथेच सोडून ठेवावी. बांधलेल्या ट्रॉलीत भर उन्हात तीन-चार तास उभा राहिलेला कांदा व्यापाऱ्याच्या हाताला ओलाच लागतो.